बिननावाच्या बँडची समजूत

औरंगाबादला जाऊन आलो म्हटल्यावर चिपळूणच्या ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, वेरूळ-अजिंठा पाहिलं का. नाही पाहिलं. चौदा वर्षं मी त्या शहरात नोकरी केली, तेव्हाही वेरूळ दोनदाच पाहिलं आणि दोन्ही वेळा पाहुण्यांच्या नादानं. या खेपेला चार दिवसांत पाहिलं ते एवढंच: मुकुंदवाडीतलं एक घर, शहागंजातलं शिंप्याचं एक दुकान आणि फुलंब्रीच्या अलीकडची एक वस्ती. ज्यांना लेण्यांबद्दल वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं, मला राग येणार नाही.

मी गेलो होतो आमच्या बँडचं भांडण मिटवायला. बँड म्हणजे चौघं. ऑर्केस्ट्रा म्हणावं तर माणसं कमी, भजनी मंडळ म्हणावं तर भक्ती कमी. रफिकभाई गातात, शहागंजात त्यांचं शिंपीकाम आहे. दत्तू ढोलकीवर. तो मेंढपाळाच्या घरातला, फुलंब्रीकडं राहतो आणि रोज मोटारसायकलवरून शहरात कंपनीत कामाला येतो. सुषमाताई मुकुंदवाडीत अंगणवाडी चालवतात, गातातही, आणि तालीम त्यांच्याच घरी होते. चौथा मी, पेटीवर. गणपती, बारसं, हळद, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, बोलावलं की हौसेनं जायचं. बँडला नाव नाही, कारण नावावर रफिकभाईंचं आणि दत्तूचं एकमत झालं नाही.

तसं त्या दोघांचं कशावरच एकमत नसायचं. पाचची तालीम म्हटली की रफिकभाई पावणेपाचला दारात चपला काढणार, दत्तू साडेपाचला येऊन आधी चहा मागणार. रफिकभाईंना संथ लय लागते, दत्तूचा हात पळतो. अकरा वर्षांपूर्वी एका गणपतीत तो इतका पळाला की रफिकभाई अर्ध्या कडव्यात गप्प झाले, मंचावरून उतरले आणि थेट घरी गेले. मंडपात हशा पिकला. दत्तूनं ढोलकी गवसणीत घातली आणि तोही गेला. पुढचं गाणं मीच म्हटलं, आणि माझा आवाज कसा आहे ते सगळ्या गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांकडं जाऊन आलो आणि दोघांनाही सांगितलं की समोरचा माफी मागतोय. मागत कुणीच नव्हतं. आठ दिवसांनी मी दत्तूला एक शर्टही नेऊन दिला, रफिकभाईंनी तुझ्यासाठी शिवलाय म्हणून. शिवला त्यांनीच होता, पण मी मावसभावाचं नाव सांगून आणि दत्तूचं माप अंदाजानं देऊन शिवून घेतला होता. दत्तूला शर्ट छान बसला. पुढं प्रत्येक कार्यक्रमाला तो तोच घालून यायचा.

तेव्हापासून बँडात एक रीतच पडली. दोघं समोरासमोर बसायचे, पण बोलायचे माझ्याशी. रफिकभाई म्हणायचे, "भाऊसाब, ढोलकीला सांगा, जरा दम धर." दत्तू दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकायचा आणि मी ते गोड करून पुन्हा सांगेपर्यंत ढम्म बसायचा. मग त्याचं उत्तर मी तासून, रंधा मारून पलीकडं द्यायचो. हे अकरा वर्षं चाललं. मधे माझी चिपळूणला बदली झाली तरी थांबलं नाही. रविवारी तालमीत काही खटकलं की सुषमाताई मला फोन लावून मधोमध ठेवायच्या, आणि मी चिपळुणात खोलीवर बसून दोघांचं एकमेकांना सांगायचो. शिवाय आठवड्यात दोघंही गाऱ्हाणं सांगायला वेगवेगळे फोन करायचे. खरं सांगतो, मी त्या फोनांवर जगत होतो. मी एकटा माणूस, खाणावळीत जेवतो, आणि चिपळुणात मला नावानं हाक मारणारं कुणी नाही.

मग दोन महिने फोनच आला नाही. मी केला तर दोघंही कामात आहे म्हणायचे. शेवटी सुषमाताईंचा आला. "भाऊ, दोघं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यामार्फतसुद्धा बोलत नाहीत. रविवारी दत्तूच्या मुलीची हळद आहे आणि रफिकभाई येणार नाही म्हणतात. यायचं तर आता या."

आमच्यात ठरलेलं होतं, चौघांपैकी कुणाच्याही घरचं कार्य असलं की चौघांनी वाजवायचं. रफिकभाईंच्या मुलीच्या मेहंदीला दत्तूनं सकाळपासून ढोलकी तापवली होती. हळदीला चौघं बसले नाहीत तर बँड संपला, हे मला फोनवरच कळलं. आणि बँड संपला तर माझं जगात कुठं काही उरत नव्हतं. मी रजेचा अर्ज टाकला.

मुकुंदवाडी, गुरुवार

एस.टी.चा प्रवास सांगत बसत नाही. पहाटे मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनापाशी उतरलो आणि सुषमाताईंच्या घरी चालत निघालो तो चुकलो. मी मोजणीच्या ऑफिसातला माणूस. या भागातली कितीतरी शेतं मी स्वतः मोजलेली, प्लॉट पाडताना कडेला उभा राहिलेला. आता तिथं चार-चार मजली इमारती, खाली मोबाइलची दुकानं आणि गल्लीगल्लीत निळे पिंप रांगेत. कडुनिंबाच्या ज्या झाडावरून मी वळायचो ते झाड नव्हतं. शेवटी पिंपापाशी उभ्या असलेल्या एका बाईंना रस्ता विचारला. त्यांना वाटलं, मी टँकरचा माणूस. त्या मलाच विचारू लागल्या की गाडी कधी येणार.

सुषमाताईंच्या घरी पोचल्या पोचल्या मी घोटाळा केला. मोरीत बादली भरलेली दिसली. कोकणातली सवय, घेतला तांब्या आणि हातपाय खसखसून धुतले, तोंडावर मारलं, चुळा भरल्या. बाहेर आलो तर ताई रिकाम्या बादलीकडं बघत होत्या. ते घरातल्या चौघांचं दिवसभराचं पाणी होतं. सलग दुसरं वर्ष दुष्काळाचं, नळ कधीमधी, टँकर आला तर आला. त्या रागावल्या नाहीत, शेजारून कळशी उसनी आणली. चिपळुणात अंगणात पाणी वाहत असतं आणि कुणी वळून बघत नाही. इथं आंघोळीला मोठ्या घमेल्यात बसतात आणि साचलेलं पाणी संडासाला वापरतात. पाहुण्याला पाणी देताना आधी अर्धा पेला देतात, लागलं तर पुन्हा. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. दोन वर्षांत विसरलो होतो.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पिठलं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. खाताना ताईंना विचारलं की नेमकं झालं काय. त्या म्हणाल्या, मी मधे बोलत नाही, शहागंजात जाऊन ऐका. त्यांच्या आवाजात जरा तुटकपणा होता. मी समजलो, ते बादलीमुळं असेल.

शहागंज, शुक्रवार

दुपारची नमाज उरकून रफिकभाई दुकान उघडतात ते मला ठाऊक होतं, म्हणून त्या बेतानं गेलो. शहागंजात बदल असा नाही. तीच गर्दी, तेच टॉवरचं घड्याळ, बांगड्या, कापडाचे तागे, अत्तरं आणि कानाशी वाजणारे हॉर्न. रफिकभाईंनी मला पाहिलं, काही न बोलता शटर पुन्हा खाली ओढलं आणि गल्लीतल्या खाणावळीत घेऊन गेले. खाण्याआधी भांडण नाही, हा त्यांचा नियम. नान-खलिया मागवला. पिवळसर मऊ नान परातीएवढा, आणि खलियाच्या मटणाच्या रश्शावर तेलाची तर्री. असला नान चिपळुणात कुणाला सांगून पटत नाही. रफिकभाई मला वाढत राहिले, स्वतः फारसं खाल्लं नाही.

दुकानात परत आल्यावर ते मशीनवर बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "भाऊसाब, तो शर्ट तुमच्या मावसभावाला कसा बसला?"

मी म्हणालो, चांगला बसला. तेव्हा त्यांनी कपाटातून एक शर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, कॉलर विरलेली. दत्तूचा शर्ट.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी तालमीत लयीवरून खटकलं. नेहमीप्रमाणं मला फोन लावला, पण लागला नाही. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघं थेट एकमेकांशी बोलले आणि पाव तासात हमरीतुमरीवर आले. दत्तू म्हणाला, एकदा तुम्ही माफी मागितली होती, शर्ट शिवून दिला होता, आता एवढा ताठा कशाचा? रफिकभाई म्हणाले, कसली माफी आणि कसला शर्ट? पुढच्या रविवारी दत्तू आला, तो शर्ट सुषमाताईंच्या घरी ठेवून गेला, आणि पुन्हा आला नाही.

"मला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं," रफिकभाई म्हणाले. "आपला टाका आपल्याला कळत नाही का? पण त्याला चांगला बसला होता. म्हटलं, भाऊसाबनं केलंय काहीतरी, राहू दे. त्या दिवशी रागात तोंडून गेलं."

बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं. मग त्यांनी विचारलं, "गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथं आला होता. मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

आठवत होतं. ते इस्त्री करत होते. दत्तूकडं तेव्हा मोटारसायकल नव्हती. मान वर न करता त्यांनी विचारलं होतं, दत्तूला घरी जायला गाडी मिळाली का, शेवटची फुलंब्री तर निघून गेली होती. एवढंच. दुकानाची पायरी उतरताना मी मनाशी म्हटलं होतं, ही काही माफी नव्हे, हे नेऊन काय उपयोग.

"हे तुम्ही त्याला सांगितलं?" 

"नाही."

"आणि तो काय म्हणाला होता?"

हेही आठवत होतं. दत्तू म्हणाला होता, त्यांचा आवाज वर चढला की मला ऱ्हावत नाय भाऊसाहेब, हात आपोआप पळतो. मला वाटलं, हा सबब सांगतोय. म्हणून मी रफिकभाईंना आपलं सांगितलं होतं की दत्तू 'चूक झाली, माफ करा' म्हणतो. आता खरे शब्द सांगितले. रफिकभाईंनी मशीनवरचा हात काढला आणि मला पुन्हा तेच सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. नंतर बराच वेळ ते बाहीला काज करत बसले. सुई दोनदा बोटात गेली.

निघताना मी विचारलं, दत्तूला काय सांगू? "त्याला सांगा..." ते म्हणाले आणि थांबले. "नको. काही सांगू नका."

मी शहागंजातून मुकुंदवाडीपर्यंत चालत गेलो. रिक्षा करायचं भान नव्हतं. मी दोघांना जोडलं असं अकरा वर्षं समजत होतो, चारचौघांत तसं सांगतही होतो. दोघांचे चांगले शब्द माझ्यापाशीच पडून राहिले आणि त्यांच्या जागी मी माझे रेटले. दोघं आपापसांत बोलू लागले तर मला कोण विचारील, हा विचार मनात कधी आलाच नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रात्री ताईंनी पिठलं वाढलं, मी जेवलो नाही.

फुलंब्रीकडं, शनिवार

शहर संपलं असं म्हणता येत नाही. पाटी मागं पडते आणि पुढंही प्लॉट विकणे आहे, असे बोर्ड सुरूच राहतात. मग एकदम उघडं माळरान लागतं आणि डोळे दुखायला लागतात. जीपमधे माझ्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं कुठून आलात विचारलं. चिपळूण म्हटल्यावर म्हणाला, "तिकडं लई पाणी म्हणत्यात. मग इकडं कशाला आलात?"

दत्तूच्या घरापुढं मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. मेंढरांचा वाडा रिकामा होता. त्याचा भाऊ कळप घेऊन चाऱ्यासाठी दूर नदीकाठी गेला होता आणि पुतणीच्या लग्नालाही येणार नव्हता. चार शेळ्या तेवढ्या सावलीला होत्या. दत्तूनं मला बघून तोंड फिरवलं नाही, हीच मेहेरबानी. खाटेवर घोंगडी टाकली, अर्धा पेला पाणी दिलं आणि खांबाला दोरी बांधत राहिला.

मी सगळं सांगितलं. शर्ट मीच शिवून घेतला, माफी मीच बनवली, दोन्हीकडची. तो दोरी आवळत ऐकत होता. मधे एकदाच म्हणाला, "अकरा वर्षं मी त्या शर्टाला जपलं, भाऊसाहेब. बायकोला हात लावू दिला नाय, सोता धुतला." मला मान वर करता येईना. तरी मी पुढचं सांगितलं, रफिकभाई खरं काय म्हणाले होते ते.

त्याचा हात थांबला. "गाडी मिळाली का म्हणले?"

"हो. शेवटची फुलंब्री गेली होती म्हणाले."

"नव्हती मिळाली," दत्तू म्हणाला. "चालत आलो व्हतो. ढोलकी पाठीला. वाटभर मनात यायचं, माणूस एवढा कसा कठोर. आन् तो तिकडं गाडीचं इचारत व्हता." तो खाली बसला. "हे मला तव्हाच कळलं असतं तर..."

थोड्या वेळानं त्यानं अंगात दुसरा सदरा चढवला आणि गाडी काढली. मीही उठलो, पिशवी घेतली. "नाय," तो म्हणाला. "तुम्ही नका येऊ. तुम्ही असलात की आम्ही दोघं तुमच्याकडंच बघतो."

त्याचं बरोबर होतं, पण मला लागलं. गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग दुपारभर त्या खाटेवर. बायका आत पापड तळत होत्या आणि उद्याच्या पाण्याचा हिशेब घालत होत्या. हळदीनंतर नवरीच्या आंघोळीला किती हंडे ठेवायचे यावर वाद चालला होता. आमच्याकडं, म्हणजे चिपळुणात, हळदीच्या वेळी बायका एकमेकींवर पाणी उडवतात, ते मी सांगून बसलो. सगळ्याजणी क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "असंल बाबा," आणि पुन्हा हंडे मोजायला लागली. एका हंड्यावर ठरलं. शेळ्यांनी माझ्या पिशवीचा बंद खाल्ला. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही, तरी असा एकटेपणा मला चिपळूणच्या खोलीतही कधी वाटला नव्हता. तिकडं शहागंजात अकरा वर्षांचं बोलणं चाललं होतं आणि त्यातलं एक अक्षर माझ्या कानावर पडणार नव्हतं.

ऊन उतरल्यावर दत्तू परत आला. मी धावत पुढं झालो. काय झालं, विचारलं.

"चहा पिला," तो म्हणाला, आणि राहिलेले खांब बघायला गेला.

हळद, रविवार

रफिकभाई साडेचारला आले, हळद पाचची असताना. सुषमाताई त्यांच्याबरोबरच आल्या. दत्तू दारात उभा होता. मी जवळच होतो, सवयीनं दोघांच्या मधे सरकलो. दोघांनी एकमेकांना पाहिलं, रफिकभाई म्हणाले, "मांडव उंच बांधलास, चांगलं केलंस." दत्तू म्हणाला, "वारं लागतं." मी मधे उभा. आत जायला वाट मिळावी म्हणून रफिकभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला हळूच बाजूला केलं.

मी पेटीवर बसलो. पहिलं गाणं सुषमाताईंनी म्हटलं, बायकांनी मागून धरलं. नवरीच्या गालांवर हळद चढत होती. दुसरं रफिकभाईंनी घेतलं, संथ लयीत, त्यांना आवडतं तसं. अंतऱ्याला आवाज वर चढला आणि दत्तूचा हात पळाला. मी दचकून वर पाहिलं. इतकी वर्षं अशा वेळी दोघंही माझ्याकडं बघायचे आणि मी मानेनं खुणावायचो, जरा धरा, जरा सोडा. या वेळी रफिकभाई गाता गाता सरळ दत्तूकडं वळले. चिडले नाहीत, हसत होते. दत्तूही हसला, हात आणखी पळवला, आणि रफिकभाई त्याच्यामागं सुटले. असं गाताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या उठून फेर धरायला लागल्या. मला त्या लयीत बोटं नेता येईनात, मी मागं पडलो. शेवटी पेटीवरून हात उचलले. गाणं चालूच राहिलं, आणि पेटी थांबलीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी आनंदात होतो, हे खोटं नाही. माझे डोळे भरून आले होते. पेटी बंद करून मी मांडवाच्या कडेला पुरुषांच्या पंगतीत जाऊन बसलो. कुणीतरी पत्रावळ मांडली, कुणी वरण-बट्टी वाढली. माझ्याशेजारी पिवळा फेटा बांधलेले एक पाहुणे होते, नवऱ्याकडून हळद घेऊन आलेले. ताल धरत ते म्हणाले, गाणारा आणि ढोलकीवाला दोघं भाऊ-भाऊ दिसतात. मी म्हणालो, तसंच.

मग त्यांनी माझ्याकडं वळून आपुलकीनं विचारलं, "आन् पावणं, तुम्ही कुणाकडले?"

मांडवात रफिकभाई आणि दत्तू तिसऱ्या गाण्याचं आपापसांत ठरवत होते. मी बट्टी कुस्करत राहिलो. उत्तर द्यायला हवं होतं, ते बिचारे वाट बघत होते.

"मी चिपळूणचा," मी म्हणालो.